उन्हाचा हिशेब

सनस्क्रीन लावावं की नाही, या वादाचे आता दोन पक्के गट पडले आहेत. एक गट म्हणतो, ऊन निसर्गाने दिलंय, माणूस लाखो वर्षं त्यात वावरला, मग अंगाला रसायनं फासून त्याच्यापासून लपायचं कशाला? दुसऱ्या गटाच्या लेखी ऊन म्हणजे जवळपास विषच. खिडकीशी बसायचं असलं तरी तोंडाला काहीतरी चोपडलेलं हवं, नाहीतर कर्करोग ठरलेला. दोन्हीकडे डॉक्टर आहेत, दोन्हीकडे विकणारे आहेत आणि दोन्हीकडचे आवाज चढलेले आहेत. मला खटकतं ते हे, की ज्या प्रश्नाची उकल रसायनशास्त्राने गेल्या साठ-पासष्ट वर्षांत इतक्या बारकाईने केली, तो अजूनही 'नैसर्गिक विरुद्ध रासायनिक' अशा घोषणांनी लढवला जातोय. माझं म्हणणं असं, की ऊन चांगलं की वाईट या प्रश्नाला उत्तर मिळणार नाही, कारण प्रश्नच चुकीचा मांडला आहे. विचारायचं ते हे: डीएनएला इजा किती वेगाने होते, ती किती वेगाने भरून निघते आणि शिल्लक काय उरते? हा हिशेब नीट मांडला की आणखी एक गोष्ट दिसते. उन्हापासून बचाव हा दुकानातून नळी विकत आणण्यापुरता मामला नाही. तो सावलीचा आणि कामाच्या वेळांचा, म्हणजे सगळ्यांनी मिळून सोडवायचा मामला आहे.

आधी ती नैसर्गिक-रासायनिक वाटणी तपासू. ३०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील प्रकाशात एका मोलमागे (मोल म्हणजे रसायनशास्त्रातलं कण मोजायचं एकक) सुमारे ४०० किलोज्यूल ऊर्जा असते. दोन कार्बन अणूंमधला साधा एकेरी बंध तोडायला साधारण ३५० पुरतात. म्हणजे भर दुपारचं ऊन अंगावर पडतं तेव्हा त्वचेत रासायनिक क्रिया घडवायला लागणारं सगळं भांडवल ते सोबत घेऊनच येतं. भट्टी नको, उत्प्रेरक नको, कारखाना तर नकोच. हा प्रकाश सूर्यातून आला की दिव्यातून, याची नोंद डीएनएच्या रेणूकडे नसते. त्याला तरंगलांबी कळते आणि मात्रा कळते. मग 'मी रसायनं टाळतो, उन्हात बसतो' या वाक्याला अर्थ काय उरतो?

प्रश्न चुकीचा धरला की पुरावा समोर असूनही दिसत नाही, आणि याच विषयाच्या इतिहासात त्याचा मोठा दाखला आहे. अतिनील प्रकाशाने जिवाणू मरतात हे एकोणिसाव्या शतकातच माहीत झालं होतं. फ्रेडरिक गेट्स या संशोधकाने १९२८ च्या सुमारास वेगवेगळ्या तरंगलांबींचा प्रकाश जिवाणूंवर सोडून कुठली तरंगलांबी सर्वांत घातक ठरते ते मोजलं. निघालेला आलेख २६५ नॅनोमीटरच्या आसपास टोक गाठत होता, आणि तो प्रथिनांच्या प्रकाशशोषणाशी जुळत नव्हता, न्यूक्लिइक आम्लांच्या, म्हणजे डीएनए आणि त्याच्या जातभाईंच्या, शोषणाशी जुळत होता. दहा-बारा वर्षांनी त्वचारोगाच्या एका बुरशीवर प्रयोग झाले. तिथेही उत्परिवर्तनं, म्हणजे जनुकांतले बदल, घडवण्यात तीच तरंगलांबी पुढे. आनुवंशिकतेचा ऐवज कुठल्या रेणूत आहे हे प्रकाश बोट दाखवून सांगत होता. पण त्या काळी साऱ्यांची खात्री होती की जनुकं प्रथिनांचीच असणार. डीएनए म्हणजे चार घटकांचा कंटाळवाणा धागा, त्याच्यात काय लिहिलेलं असणार? १९४४ मध्ये एव्हरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्युमोकोकस या जिवाणूवरचा, आनुवंशिक गुण डीएनए वाहून नेतो हे दाखवणारा प्रयोग प्रसिद्ध केला तेव्हा कुठे मतं हलू लागली, आणि त्यानंतरही काही वर्षं शंका चालूच राहिल्या. आलेख सोळा वर्षं छापून पडलेला होता.

इजा नेमकी कशी होते, हे कोडं सुटलं ते बर्फात. १९५० च्या दशकाच्या शेवटी नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट इथे ब्यूकर्स आणि बेरेन्ड्स हे रसायनशास्त्रज्ञ थायमिनवर काम करत होते. थायमिन म्हणजे डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक. ते पाण्यात विरघळवून त्यावर अतिनील प्रकाश टाकला तर फारसं काही होत नव्हतं. तेच द्रावण गोठवून प्रकाशात धरलं, की थायमिनची ओळख असलेलं २६० नॅनोमीटरजवळचं शोषण झपाट्याने उतरायचं. पदार्थ नाहीसा झाला म्हणावं, तर बर्फ वितळवून त्याच द्रावणावर पुन्हा प्रकाश सोडला की शोषण परत यायचं. गेलेलं थायमिन जणू माघारी येत होतं! १९६० मध्ये त्यांनी उत्तर मांडलं. पाण्यात थायमिनचे रेणू सुटे भरकटतात, पण बर्फात ते एकमेकांना खेटून बसतात. प्रकाश पडला की शेजारच्या दोघांचे दुहेरी बंध उघडतात आणि एकमेकांत अडकतात, चार कार्बनचं एक चौकोनी कडं तयार होतं. हा जोडरेणू म्हणजे थायमिन डायमर. आता डीएनएचा धागा आठवा. त्यात अक्षरं जिन्याच्या पायऱ्यांसारखी एकावर एक, फक्त ०.३४ नॅनोमीटर अंतराने रचलेली असतात. म्हणजे शेजारी-शेजारी आलेली दोन थायमिनं कायमच त्या बर्फासारख्या अवस्थेत असतात. हा प्रयोग करणाऱ्यांपुढे ना कुठलं क्रीम होतं, ना कर्करोगाचा रुग्ण. गोठलेल्या पाण्यात एक पदार्थ का हरवतो, एवढंच त्यांना समजून घ्यायचं होतं.

पुढचा टप्पा मला व्यक्तिशः सर्वांत विलक्षण वाटतो. ही जोडी जमायला वेळ किती लागतो? अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ बर्न कोलर आणि त्यांचा गट हे मोजत होता. पद्धत अशी: प्रकाशाचा एक अत्यंत आखूड झोत सोडून रेणू उत्तेजित करायचा आणि ठरावीक क्षणाने दुसरा झोत सोडून त्या रेणूची अवस्था टिपायची. दोन झोतांमधलं अंतर थोडंथोडं वाढवत नेलं की चित्रपटाच्या चौकटींसारखी क्रिया उलगडत जाते. सुटी अक्षरं शोषलेली ऊर्जा एका पिकोसेकंदाच्याही आत उष्णता करून टाकतात, हे २००० मध्ये दिसलं. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. मग २००७ मध्ये म्युनिकच्या संशोधकांसोबत केलेल्या प्रयोगात कळलं की थायमिनची जोडीही साधारण एका पिकोसेकंदातच जमते. याचा अर्थ काय? एवढ्याशा वेळात डीएनएच्या धाग्याला वळायला, सरकायला, बाजूला व्हायला सवडच नसते. फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, आदळला त्या क्षणी दोन थायमिनं जोडी जमण्याजोग्या बेताने समोरासमोर असतील तर इजा होणार, नसतील तर ऊर्जा उष्णता होऊन विरणार. आणि बहुतेक वेळा ती तशी नसतात. नुसत्या थायमिनच्याच साखळीतसुद्धा शोषलेल्या शंभर फोटॉनांपैकी दोन-तीनच जोडी जमवतात.

ऊनवाल्यांच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा मला हाच वाटतो, आणि गंमत म्हणजे तो त्यांच्या तोंडून क्वचितच ऐकू येतो. डीएनए प्रकाशापुढे दुबळा नाही. तो शोषलेला बहुतेक प्रकाश निमूटपणे पचवतो. त्यातून होते ती इजा दुरुस्त करणारी यंत्रणाही पेशीत आहे. १९४९ मध्ये अल्बर्ट केल्नर यांना आढळलं की अतिनील प्रकाशाने मरायला टेकलेले जीव साध्या दृश्य प्रकाशात ठेवले तर सावरतात. हे घडवतं फोटोलायेज नावाचं एंझाइम. ते निळ्या प्रकाशाची ऊर्जा घेऊन डायमरचं कडं उघडून टाकतं. म्हणजे एक प्रकाश मोडतो आणि दुसरा जोडतो. तुर्कस्तानात डॉक्टर म्हणून काम करून अमेरिकेत संशोधनाला आलेल्या अझिझ सान्चार यांनी १९७६ मध्ये या एंझाइमचं जनुक वेगळं काढलं. पुढे अंधारातही चालणारी दुसरी दुरुस्ती कशी होते हेही त्यांनी उलगडलं आणि २०१५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. या दुसऱ्या दुरुस्तीत पेशी बिघडलेली जागा शोधते, दोन्ही बाजूंनी धागा कापते, माणसात सुमारे तीस अक्षरांचा तुकडा उचलून फेकते आणि समोरच्या धाग्यावरून पाहून नवा भरते.

पण हाच मुद्दा उलटूनही पाहायला हवा. ऊन निरुपद्रवी असतं तर एवढी यंत्रणा बाळगायची गरज कुठल्या जिवाला पडली असती? जिवाणूंपासून माणसापर्यंत प्रत्येकाने ती जपली आहे, याचाच अर्थ हा धोका जीवसृष्टीइतका जुना आहे. आणि 'निसर्गाने सोय केलीये' म्हणणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं, की फोटोलायेज माणसात नाहीच. कांगारूच्या गोतावळ्यात ते टिकलं. वारेवाटे गर्भ वाढवणाऱ्या सस्तन प्राण्यांनी ते उत्क्रांतीच्या ओघात गमावलं. आपल्याकडे उरली ती दुसरी, संथ वाट. थायमिन डायमरपैकी बरेचसे दुरुस्त व्हायला चोवीस तास आणि त्याहून जास्तही लागतात. आजच्या उन्हाची उधारी फिटायच्या आत उद्याचं ऊन दारात उभं असतं. ही वाट बंदच पडली तर काय होतं, हे झेरोडर्मा पिग्मेंटोसम या आनुवंशिक विकाराची मुलं दाखवतात. जेम्स क्लीव्हर यांनी १९६८ मध्ये दाखवलं की या रुग्णांच्या पेशींना डीएनएची ही दुरुस्ती जमत नाही. विशीच्या आतल्या अशा रुग्णांना मेलॅनोमा (त्वचेच्या रंगपेशींचा कर्करोग) सोडून इतर त्वचाकर्करोगाचा धोका इतरांपेक्षा सुमारे दहा हजार पटींनी जास्त असतो. ही मुलं खिडक्यांना पडदे लावून, अंग पूर्ण झाकून जगतात, त्यांचं खेळणं-फिरणं सूर्य मावळल्यावर. त्यांच्यावर पडणारं ऊन तुमच्याआमच्यावर पडतं तेच आहे.

तरीही कुणी विचारेल, कर्करोग उन्हानेच झाला हे कशावरून? प्रश्न रास्त आहे. तंबाखूच्या बाबतीत कंपन्यांनी कित्येक वर्षं याच प्रश्नाच्या आडोशाने काढली. आकडेवारीतला संबंध म्हणजे कारण नव्हे, हे त्यांचं पालुपद होतं. उन्हाच्या बाबतीत मात्र गुन्हेगाराच्या बोटांचे ठसे सापडले आहेत, आणि ते ठसे ओळखता आले ते डायमरचं रसायन माहीत होतं म्हणूनच. सायटोसिन हे अक्षर जोडीत अडकलं की ते सहज बिघडून थायमिनशी मिळत्याजुळत्या युरॅसिलसारखं दिसू लागतं, आणि नक्कल करणारं एंझाइम त्याला थायमिन समजून चुकतं. म्हणून उन्हाची इजा डीएनएत ठरावीक जागी ठरावीक चूक मागे ठेवते: दोन पिरिमिडीन (म्हणजे थायमिन, 'टी', किंवा सायटोसिन, 'सी') शेजारी असतील तिथे 'सी'चा 'टी', कधी तर एकदम 'सीसी'चं 'टीटी'. दुसऱ्या कुठल्याही कारणाने ही जोडचूक क्वचितच घडते. १९९१ मध्ये डग्लस ब्रॅश आणि सहकाऱ्यांना त्वचेच्या कर्करोगात, पेशीची बेसुमार वाढ रोखणाऱ्या पी५३ या जनुकात, नेमक्या याच खुणा सापडल्या. २०१० मध्ये मेलॅनोमाच्या एका पेशीवंशाचा पूर्ण जनुकसंच वाचला गेला. त्यात अक्षरबदलाच्या ३३,३४५ चुका मोजल्या गेल्या आणि त्यांतल्या बहुतेकांवर हीच मोहोर होती. यापुढे 'कशावरून' हा प्रश्न विचारणाऱ्याने हे ठसे दुसऱ्या कुणाचे आहेत तेही सांगायला हवं.

आता ड जीवनसत्त्व. ऊनवाल्यांचा हा हुकमी मुद्दा आणि तो खरा आहे. मुडदूस झालेल्या मुलांची वाकलेली हाडं उन्हाने सुधारतात, प्रकाशोपचारासाठी नील्स फिन्सन यांना १९०३ चं नोबेल मिळालं, आणि ज्या पट्ट्यातली किरणं डायमर बनवतात त्याच पट्ट्यातली किरणं त्वचेत ड जीवनसत्त्वाची सुरुवातही करतात. फायदा आणि इजा एकाच फोटॉनांच्या पोटी आहेत, हे मान्य. पण इथेही रसायन पुढे वाचायला हवं. त्वचेतल्या कोलेस्टेरॉलच्या एका भावंडावर प्रकाश पडला की ड जीवनसत्त्वाचा पूर्वरूप रेणू तयार होतो. ऊन चालूच राहिलं तर तोच रेणू आणखी प्रकाश शोषून ल्युमिस्टेरॉल आणि टॅकिस्टेरॉल अशा निकामी रूपांत वळतो. म्हणून थोड्या वेळानंतर ड जीवनसत्त्वाची कमाई थांबते, कितीही वेळ उन्हात उभे राहा. डायमर बनण्याला मात्र अशी मर्यादा नाही, ते मात्रेबरोबर वाढतच जातात. म्हणजे पहिल्या थोड्या मिनिटांच्या उन्हाचा हिशेब वेगळा आणि तिसऱ्या तासाचा वेगळा. 'ड जीवनसत्त्वासाठी' दुपारभर उन्हात बसणाऱ्याला ते देऊन झाल्यावरही ऊन बाकीचं काम करत राहतं. त्वचा लाल होईस्तोवर काही बिघडत नाही, हीसुद्धा चुकीची समजूत. लाली यायच्या कितीतरी आधीच्या मात्रेलाही डायमर मोजता येतात.

स्वीडनमधल्या जवळपास तीस हजार बायकांचा वीस वर्षं पाठपुरावा केलेल्या एका पाहणीचाही दाखला देतात. ऊन टाळणाऱ्या बायकांचं आयुष्य कमी भरलं, असं त्यात आढळलं. हा निष्कर्ष झटकून टाकू नये. उन्हाने त्वचेतून नायट्रिक ऑक्साइड सुटतं आणि रक्तदाब थोडा उतरतो, याचेही पुरावे आहेत. पण जी बाई आजारी आहे, घराबाहेर कमी पडते, कमी चालते, ती ऊन 'टाळणारी' ठरणारच. अशा पाहणीत ऊन आणि धडधाकटपणा वेगळे काढणं फार अवघड. शिवाय स्वीडनचं ऊन कोवळं. तिथला निष्कर्ष विषुववृत्तालगतच्या दुपारला लावता येईल का?

इथे सनस्क्रीनवाल्या गटालाही चार शब्द ऐकवायला हवेत. त्यांचा बहुतेक पुरावा गोऱ्या कातडीच्या माणसांवरचा आहे आणि सल्ला मात्र सगळ्या जगाला एकच. गडद त्वचेतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य अतिनील किरणं मोठ्या प्रमाणात अडवतं. सावळ्या आणि काळ्या माणसांत त्वचेचे कर्करोग खूप कमी आढळतात, आणि काळ्या माणसांना होणारा मेलॅनोमा बहुतेकदा तळहात-तळपायांवर येतो, त्याचा उन्हाशी संबंध दिसत नाही. त्यांना ड जीवनसत्त्वासाठी ऊनही जास्त वेळ लागतं. मेलॅनिनची ही किंमत कळायला आफ्रिकेतले वर्णहीनता असलेले लोक पाहावेत. गाव तेच, शेत तेच, ऊन तेच, फक्त मेलॅनिन नाही, आणि त्यांच्यात तरुण वयातच त्वचेचे कर्करोग होतात. दोन शेजाऱ्यांचा हिशेब असा टोकाचा वेगळा असताना सगळ्यांना एकच नळी आणि एकच भीती विकणं याला विज्ञान म्हणता येणार नाही.

भीतीचं ताजं उदाहरण म्हणजे नखांवरचं जेल सुकवायचे दिवे. २०२३ मध्ये एका अभ्यासात बशीत वाढवलेल्या पेशी अशा दिव्याखाली वीस मिनिटं ठेवल्यावर वीस ते तीस टक्के पेशी मेल्या, आणि लगोलग 'नखं रंगवली की कर्करोग' असे मथळे आले. अभ्यास चांगलाच होता. पण बशीतल्या पेशींवर मृत पेशींचा तो जाड थर नसतो जो आपल्या हातावर असतो. आणि इजा म्हणजे कर्करोग नव्हे. २०१५ मध्ये चार माणसांच्या पापण्यांची वरकरणी निरोगी त्वचा तपासली तेव्हा साधारण पाव हिस्सा पेशींत कर्करोगाकडे ढकलणारे जनुकबदल आधीच होते, आणि तरी ती त्वचा आपलं काम बिनबोभाट करत होती. एक डायमर, दहा डायमर, हजार डायमर यांनी रोग होत नाही. दुरुस्तीतून निसटलेल्या चुका वर्षानुवर्षं एकाच पेशीवंशात साचत जातात तेव्हा होतो. पण 'सावलीत आलो, संपलं' असंही नाही. त्याच वर्षी ब्रॅश यांच्याच गटाने दाखवलं की रंगपेशींमध्ये ऊन थांबल्यानंतरही तीन तासांहून जास्त काळ डायमर बनत राहतात. उन्हाने सुरू केलेल्या क्रियांतून मेलॅनिनचेच तुकडे उत्तेजित होतात आणि अंधारात ती ऊर्जा डीएनएला देतात. राखण करणाराच क्वचित घरातली कडी काढतो. असा रेणू 'चांगला' की 'वाईट' यावर भांडायचं कसं?

क्रीमविषयीच्या शंकांचं काय? त्यातही तथ्य आहे. ऑक्सिबेन्झोनसारखे घटक त्वचेतून रक्तात उतरतात, हे अमेरिकेच्या औषध नियामकानेच २०१९ मध्ये केलेल्या चाचणीत दिसलं, आणि दिसलेलं प्रमाण पुढची तपासणी करायला लावणाऱ्या मर्यादेच्या वर होतं. ही तपासणी व्हायलाच हवी. दशकानुदशकं विकल्यावर ती मागावी लागते हे वाईट आहे. पण रक्तात सापडणं म्हणजे अपाय सिद्ध होणं नव्हे, आणि ज्यांना शंका आहे त्यांच्यासाठी झिंक ऑक्साइड आहे, टोपी आहे, लांब बाही आहे. दुसऱ्या पारड्यात ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बूरची चाचणी ठेवा. १,६२१ प्रौढांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटलं, एका गटाला १९९२ पासून साडेचार वर्षं रोज सनस्क्रीन लावायला दिलं. त्या गटात स्क्वेमस पेशींचा कर्करोग (त्वचाकर्करोगाचा एक प्रकार) सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाला. पुढच्या दहा वर्षांच्या पाठपुराव्यात मेलॅनोमाचे नवे रुग्ण त्यांच्यात ११, दुसऱ्या गटात २२. आकडे लहान आहेत, बेसल पेशींच्या, म्हणजे दुसऱ्या एका प्रकारच्या, त्वचाकर्करोगात ठळक फरक पडला नाही, आणि ही सगळी बहुतांशी गोरी माणसं होती. एवढ्या अटी सांगूनही हा पुरावा उरतोच. गोऱ्या माणसाला कडक उन्हात क्रीम लावू नको सांगणं बेजबाबदारपणाचं आहे.

मला या भांडणातली सगळ्यात मोठी चूक वाटते ती मात्र वेगळीच. दोन्ही गट गृहीत धरतात की उन्हात जायचं की नाही हे प्रत्येकाच्या हातात आहे. ओझोनचा इतिहास आठवा. १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलँड या दोन रसायनशास्त्रज्ञांनी कागदावर मांडलं की फवाऱ्यांतली आणि शीतकपाटांतली क्लोरोफ्लुरोकार्बन वर जाऊन अतिनील किरणं अडवणारा ओझोन खातील. उद्योगांनी त्यांना वेड्यात काढायचा प्रयत्न केला. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं ओझोनचं विवर जाहीर झालं आणि १९८७ मध्ये ही रसायनं आटोक्यात आणणारा माँट्रियल करार झाला. त्याच वर्षी अमेरिकेच्या एका मंत्र्याने करार करण्यापेक्षा लोकांनी टोप्या, गॉगल आणि क्रीम वापरावं असं सुचवल्याची बातमी फुटली तेव्हा एकच गदारोळ उडाला. लोकांना तेव्हा कळलं होतं की आकाश राखायचं काम एकेकट्याच्या खिशावर सोडता येत नाही. तीच जाण सावलीच्या बाबतीत कुठे गेली?

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२३ मध्ये मिळून काढलेल्या अंदाजानुसार २०१९ साली जगातल्या सुमारे १६० कोटी कामकरी माणसांना उघड्यावर काम करताना सूर्याच्या अतिनील किरणांना तोंड द्यावं लागलं, आणि मेलॅनोमाखेरीज इतर त्वचाकर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंपैकी जवळपास एक तृतीयांश अशा कामामुळे होतात. रस्त्यावर डांबर पसरणारा, शेतात वाकलेली, इमारतीच्या शेवटच्या मजल्यावर सळया बांधणारा, बोटीत जाळं ओढणारा, यांच्यापुढे 'लावू की नको' हा प्रश्नच नसतो. घामात क्रीम टिकत नाही, दर दोन तासांनी ते पुन्हा लावायला कुणी सुट्टी देत नाही. त्यांच्या बाबतीत हिशेब बदलतो तो कामाची वेळ दुपारवरून सकाळकडे सरकवल्याने, विसाव्याला छप्पर दिल्याने, डोकं-मान झाकणारा गणवेश दिल्याने. ऑस्ट्रेलियाने १९८१ पासून सदरा, क्रीम, टोपी असा प्रचार केला. तिथल्या कित्येक शाळांत टोपी नसेल तर मैदानावर खेळू देत नाहीत, आणि तिथल्या तरुणांत मेलॅनोमाचं प्रमाण उतरणीला लागलं. यात क्रीमचा वाटा आहेच. पण टोपी आणि झाड यांचाही आहे, आणि त्यांच्या जाहिराती कुणी करत नाही.

राहिला आक्षेप माणसाच्या स्वातंत्र्याचा. कातडी गडद करून देणाऱ्या अतिनील दिव्यांच्या खाटा ब्राझीलने २००९ मध्ये धंद्यासाठी वापरायला बंदी केली, ऑस्ट्रेलियातही नंतर तशी बंदी आली. तेव्हा लोक म्हणाले, माझं अंग, माझी मर्जी. मला हा आक्षेप हलका वाटत नाही. सिगारेट ओढणाऱ्यालाही आपण तुरुंगात टाकत नाही. पण मर्जी म्हणायची तर माणसाला कळायला तरी हवं की काय घडतंय. चटका बसला की हात मागे घेतो, तसं डायमर बनताना काहीच जाणवत नाही. लाली उशिरा येते, सुरकुती काही वर्षांनी आणि गाठ काही दशकांनी. विसाव्या वर्षी खाटेवर पडणाऱ्या मुलीला तिच्या पेशींत होणाऱ्या नोंदी दिसत नाहीत, आणि दुकानदार त्या दाखवत नाही. उन्हात राबणाऱ्याला तर निवडच मिळालेली नाही. अतिनील निर्देशांक नावाचा आकडा रोज हवामान अंदाजासोबत जाहीर होतो. तो ३ किंवा त्याहून जास्त झाला की बचाव करा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे, आणि उष्ण प्रदेशात दुपारी हा निर्देशांक ११ च्याही पुढे जातो. हा आकडा मोबाइलवर चमकतो तसा तो कामाच्या करारात, शाळेच्या वेळापत्रकात आणि बांधकामाच्या परवान्यात लिहिला जायला हवा: इतक्याच्या वर गेला की काम सावलीत, नाहीतर बंद, आणि त्या तासांची मजुरी कापायची नाही.